फोटोत न दिसणारं कॉमिक

१९७४ साली अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्सने आपल्याच एका जुन्या अंकाची हुबेहूब प्रत छापली. अंक होता जून १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला, म्हणजे ज्यात सुपरमॅन प्रथम अवतरला तो. मुखपृष्ठ तेच, आतल्या जाहिराती त्याच, कोपऱ्यात छापलेली दहा सेंट किंमतही तीच. ठळक फरक दोन होते. या पुनर्मुद्रणाला बाहेरून जाड कागदाचं आणखी एक मुखपृष्ठ होतं, आणि ही नवी छपाई आहे हे त्यावरून कळत होतं. दुसरा फरक आकाराचा. मूळ अंक पावणेआठ इंच रुंद, हा जवळपास दहा इंच. काही चलाख मंडळींनी बाहेरचं मुखपृष्ठ काढून टाकलं आणि आतला भाग मूळ अंक म्हणून विकायला काढला. तिथल्या जुन्या कॉमिक्सच्या किंमत-मार्गदर्शिका वर्षानुवर्षं याबद्दल सावध करत आल्या आहेत. दुकानात अंक हातात धरला की ही लबाडी तिथल्या तिथे उघडी पडते. फोनच्या पडद्यावर मात्र दहा इंच आणि पावणेआठ इंच सारखेच दिसतात.

ऑनलाइन कॉमिक्स घेण्यातली सगळी गोम इथे आहे. कादंबरी कुठल्याही दुकानातून, कुठल्याही आवृत्तीची मागवली तरी मजकूर तोच येतो. कॉमिकचं तसं नाही. छपाई पहिली की तिसरी, मुखपृष्ठ कोणतं, पिना गंजल्यात का, मधलं पान जागेवर आहे का, यावर त्याची किंमत चाळीस रुपये ठरते की चाळीस हजार. आणि नेमक्या याच गोष्टी फोटोत नीट दिसत नाहीत. विक्रीच्या पानावरचा फोटो हा लग्नाच्या बायोडेटावरच्या फोटोसारखा असतो: खोटा नसतो, पण काय दाखवायचं नाही हे विचारपूर्वक ठरवलेलं असतं. तेव्हा पैसे मोजताना आपण खरं तर विक्रेत्याचं वर्णन विकत घेत असतो. ते वाचता आलं पाहिजे.

न पाहता कॉमिक विकत घेणं ही काही इंटरनेटची देणगी नाही. अमेरिकेत टपालाने जुने अंक मागवण्याची पद्धत बरीच आधीची. १९७७ साली कोलोरॅडोतल्या चक रोझान्स्की या तरुण दुकानदाराने एडगर चर्च नावाच्या व्यावसायिक चित्रकाराच्या घरातला कॉमिक्सचा प्रचंड साठा विकत घेतला. हजारो अंक, तेही कोरे करकरीत वाटावेत असे. कोलोरॅडोची कोरडी, थंड हवा कागदाला मानवली होती. रोझान्स्कीच्या ‘माइल हाय कॉमिक्स’ने १९८० मध्ये थेट मार्व्हलच्या अंकांमध्ये जुन्या अंकांची दरांसह भलीमोठी यादी जाहिरात म्हणून छापली आणि देशभरातली पोरं घरबसल्या मागणी नोंदवू लागली. त्याच्याही आधी, १९७० मध्ये, रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची पहिली किंमत-मार्गदर्शिका निघाली होती. विकणारा एका गावात, घेणारा दुसऱ्या गावात, मध्ये फक्त पोस्टाचं पाकीट. अशा व्यवहाराला दोघांनाही समजेल अशी स्थितीची भाषा लागते. ती या काळात घडत गेली आणि आज प्रत्येक ऑनलाइन दुकान तीच वापरतं.

ती भाषा नवख्याला हमखास चकवते. मोजपट्टी अर्ध्यापासून दहापर्यंत आहे. ‘निअर मिंट’ म्हणजे ९.४, ‘व्हेरी फाइन’ ८, ‘फाइन’ ६, ‘व्हेरी गुड’ ४ आणि ‘गुड’ फक्त २. शाळेत ‘गुड’चा शेरा मिळाला की आपण खूश व्हायचो, इथे ‘गुड’ म्हणजे पानं बहुतेक शाबूत, पण कण्याला भेगा, मुखपृष्ठावर सुरकुत्या, कोपरे झिजलेले आणि कागद पिवळा पडलेला. नुसता वाचायला अंक हवा असेल तर ‘गुड’ उत्तम, किंमतही खाली. पण ‘गुड कंडिशन’ वाचून भेट म्हणून मागवला, तर पाकीट उघडल्यावर तोंड कडू होतं. दुकान ग्रेड देताना हात सैल सोडतं की आवळतं हे एखादा स्वस्त अंक मागवून आधी पाहून घ्यावं. टेक्सासमधलं ‘मायकॉमिकशॉप’ किंवा न्यूयॉर्कचं ‘मिडटाउन कॉमिक्स’ यांसारख्या मोठ्या दुकानांच्या यादीत एकाच अंकाच्या चार-पाच प्रती वेगवेगळ्या ग्रेडला आणि वेगवेगळ्या दराला लावलेल्या दिसतात. तो तक्ता वाचणं हीच बाजारभाव शिकण्याची शाळा.

ग्रेड विक्रेत्यानेच द्यायचा आणि मालही त्यानेच विकायचा, ही अडचण इंटरनेटने अधिक टोकदार केली. ईबे १९९५ मध्ये सुरू झालं आणि अनोळखी माणसं अनोळखी माणसांना जुने अंक विकू लागली. त्यावर उतारा म्हणून २००० साली सीजीसी ही त्रयस्थ कंपनी आली. तुमचा अंक ती तपासते, आकडा देते आणि कडक पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत सील करून परत पाठवते. लेबलचे रंग ठरलेले आहेत. निळं असेल तर नेहमीची प्रत. जांभळं म्हणजे डागडुजी केलेली: रंग भरलेला, फाटलेलं चिकटवलेलं. पिवळं म्हणजे कंपनीच्या साक्षीदारासमोर स्वाक्षरी झालेली. हिरव्या लेबलच्या प्रतीत एखादा मोठा दोष असतो आणि तो लेबलवर नोंदवलेला असतो. जांभळ्या लेबलचा अंक निळ्यापेक्षा बराच स्वस्त मिळतो, म्हणून फोटोत लेबलचा रंग दिसत नसेल तर तो मुद्दाम विचारावा.

या व्यवस्थेने केवढा विश्वास तयार केला याचं उदाहरण ऑगस्ट २०१४ मधलं. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची ९.० ग्रेडची प्रत ईबेवरच्या लिलावात ३२ लाख डॉलरला गेली. घेणारे न्यूयॉर्कचे मुरलेले व्यापारी होते, तरीही व्यवहार झाला तो पडद्यावरच्या बोलीने. मात्र प्लास्टिकच्या पेटीवर डोळे मिटून भरवसा ठेवणंही बरं नाही. २०२३ च्या अखेरीस काही पेट्या उघडून आत हलक्या प्रती घातल्याचं प्रकरण उजेडात आलं आणि कंपनीला संशयित प्रमाणपत्र क्रमांकांची यादी काढावी लागली. प्रत्येक पेटीवर असा क्रमांक असतो, तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर सीलबंद कॉमिक ही मला थोडी खिन्न करणारी वस्तू वाटते, कारण ती वाचता येत नाही. पण गुंतवणूक करणाऱ्यांचं जग वेगळं, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

नव्या अंकांची गोष्ट वेगळी, आणि ती कळायला अमेरिकेतली वितरणाची तऱ्हा थोडी माहीत असावी लागते. पूर्वी कॉमिक्स आपल्याकडच्या मासिकांसारखी वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर परतीच्या बोलीवर जायची. न खपलेल्या अंकाचं मुखपृष्ठ किंवा त्याची वरची पट्टी फाडून परत पाठवायची, पैसे वळते व्हायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिनमधले एक शाळामास्तर आणि कॉमिक्स संमेलनांचे आयोजक, फिल स्यूलिंग, यांनी प्रकाशकांपुढे वेगळा सौदा ठेवला: आम्हाला सवलत जास्त द्या, आम्ही माल परत करणार नाही. यातून फक्त कॉमिक्स विकणाऱ्या दुकानांचं जाळं उभं राहिलं. पण धोका सगळा दुकानदाराच्या गळ्यात आला. न खपलेला अंक त्याच्याच कपाटात पडून राहणार. म्हणून तो मोजून मागवतो, आणि मोजून मागवतो म्हणून अंक संपतो.

ऑनलाइन दुकानांची आगाऊ नोंदणी आणि तिच्यावरची घसघशीत सूट यामागे हेच कारण आहे. अंक बाजारात येण्याच्या साधारण तीन-चार आठवडे आधी दुकानांना अंतिम मागणी कळवावी लागते. त्याआधी ग्राहकाने पैसे किंवा शब्द दिला तर दुकानदाराचा धोका संपतो आणि त्या बदल्यात तो सूट देतो. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावचं ‘डिस्काउंट कॉमिक बुक सर्व्हिस’ हे दुकान याच गणितावर मोठं झालं. महिनाभर आधी नोंदवा, छापील किमतीच्या बऱ्याच खाली घ्या, आणि सगळे अंक एकाच खोक्यात मागवून टपालखर्च वाचवा. ज्याला आजच्या आज अंक हवा त्याच्यासाठी ही पद्धत नाही.

पुढे जे घडलं ते कुणी कथेत लिहिलं असतं तर ओढूनताणून आणलेलं वाटलं असतं. १९९४ च्या अखेरीस मार्व्हलने स्वतःचा वितरक विकत घेतला. ते पाहून इतर मोठे प्रकाशक स्टीव्ह गेपी यांच्या ‘डायमंड’ या वितरक कंपनीकडे एकवटले. मार्व्हलचा प्रयोग फसला आणि १९९७ मध्ये तीही डायमंडच्याच दारात आली. त्यानंतर जवळपास पाव शतक अमेरिकेतल्या कॉमिक्स दुकानांना माल पोचवण्याचा रस्ता जवळजवळ एकच होता. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे डायमंडने नव्या अंकांची पाठवणी थांबवली आणि सगळ्या उद्योगाचा श्वास अडकला. त्याच वर्षी डीसीने डायमंडशी संबंध तोडले. नवे वितरक म्हणून नेमल्या गेल्या दोन नव्या कंपन्या. एक फोर्ट वेनच्या त्या सवलतवाल्या दुकानाशी जोडलेली ‘ल्युनार’, दुसरी ‘मिडटाउन कॉमिक्स’शी. ऑनलाइन दुकानं चालवणारेच घाऊक वितरक झाले! आपल्याला माल पुरवणारा हा आपला स्पर्धकही आहे, म्हणून छोट्या दुकानदारांनी बोटं मोडली. मिडटाउनच्या मंडळींनी वर्षअखेरीस अंग काढून घेतलं, ल्युनार टिकली. मार्व्हल २०२१ मध्ये ‘पेंग्विन रँडम हाउस’कडे गेली आणि १४ जानेवारी २०२५ रोजी डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांच्या गोदामात प्रकाशकांनी विक्रीसाठी ठेवलेला माल नक्की कुणाचा, यावर कोर्टात वाद रंगला. ग्राहकापुरता याचा अर्थ इतकाच, की एका खोक्यात येणारे अंक आता वेगवेगळ्या गोदामांतून वेगवेगळ्या वेळी निघतात. तेव्हा ‘माझा अर्धाच माल का आला’ याचं उत्तर दरवेळी दुकानदाराच्या गलथानपणात सापडेलच असं नाही.

आता मुखपृष्ठांचा गोंधळ. एकाच अंकाला आज चार-पाच, कधी वीस मुखपृष्ठं असतात. त्यातली काही ‘पंचवीसास एक’ प्रकारची. दुकानाने नेहमीचे पंचवीस अंक मागवले तरच त्या खास मुखपृष्ठाचा एक अंक त्याला घेता येतो. छापील किंमत तीच, चार-पाच डॉलर. दुकानदार मात्र तो चाळीस-पन्नासला लावतो, कारण नेहमीचे पंचवीस खपतील याची त्याला खात्री नसते. आतली गोष्ट अक्षरशः एकच. वाचकाने या फंदात पडू नये असं मी म्हणेन, पण ज्याला पडायचंय त्याने निदान बारकोड वाचायला शिकावं.

अलीकडच्या काही दशकांतल्या अमेरिकन अंकांवर मोठ्या बारकोडच्या शेजारी पाच आकड्यांचा एक छोटा बारकोड असतो. त्यातले पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक, चौथा मुखपृष्ठाचा, पाचवा छपाईचा. ‘००१११’ म्हणजे पहिला अंक, पहिलं मुखपृष्ठ, पहिली छपाई. ‘००१२१’ म्हणजे पहिलाच अंक पण दुसरं मुखपृष्ठ. ‘००११२’ दिसलं की समजा, दुसरी छपाई. विक्रेता ‘फर्स्ट इश्यू’ असं खरंच सांगत असतो. ती छपाई पहिली आहे असं त्याने म्हटलेलंच नसतं. ‘द वॉकिंग डेड’चा पहिला अंक ऑक्टोबर २००३ मध्ये अगदी थोड्या प्रतींत निघाला. पुढे टीव्ही मालिका गाजली, मागणी वाढली, तोच अंक पुन्हा पुन्हा छापला गेला, आणि २०२० पासून रंगीत रूपातही निघाला. हे सगळेच ‘वॉकिंग डेड क्रमांक एक’. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. बारकोडचा जवळून काढलेला फोटो मागितला की निम्मा प्रश्न सुटतो. फार जुन्या अंकांवर हा पाच आकडी कोड नसतो. तिथे आतल्या पानावरची बारीक टाइपातली प्रकाशनाची नोंद पाहावी, कारण ‘फॅक्सिमिली’ म्हणजे हुबेहूब पुनर्मुद्रित आवृत्त्यांत जाहिरातींसकट सगळं जुनं असतं, नवेपणाची कबुली बहुधा त्या बारीक टाइपात किंवा बारकोडपाशीच दिलेली असते.

पुण्या-मुंबईत बसून वाचण्यासाठीच कॉमिक्स घ्यायची असतील तर सुट्या अंकांच्या नादी लागण्यात फारसा अर्थ नाही. पाच डॉलरच्या अंकाला टपालखर्च त्याच्या कितीतरी पट लागतो. एकत्रित आवृत्त्या घ्याव्यात. ‘वॉकिंग डेड’चे सगळे १९३ अंक चार जाडजूड खंडांत मिळतात, पहिल्या खंडातच ४८ अंक आहेत. नेहमीच्या पेपरबॅकमध्ये पाच-सहा अंक असतात. ‘ऑम्निबस’ म्हणजे बहुधा जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचा विटेएवढा ग्रंथ, जो झोपून वाचता येत नाही हे अनुभवी लोक विकत घेतल्यावर सांगतात. एक सापळा इथेही आहे. ‘बॅटमॅन, खंड पहिला’ असं शोधलं तर २०११ च्या मालिकेचाही पहिला खंड येतो, २०१६ च्या मालिकेचाही, आणि दोन्ही कथा निराळ्या. मोठ्या संकेतस्थळांवर पेपरबॅक, हार्डबाउंड आणि डिजिटल अशा सगळ्या आवृत्त्यांचे अभिप्राय एकाच ठिकाणी गोळा केलेले असतात. ‘छपाई सुंदर’ हा अभिप्राय कुठल्या आवृत्तीबद्दल आहे ते कळतच नाही. म्हणून नावाऐवजी तेरा आकडी आयएसबीएनने शोधावं. प्रत्येक आवृत्तीचा तो वेगळा असतो. जपानी मांगा मागवणाऱ्यांसाठी एवढंच: पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, बांधणी उलटी झाली म्हणून परत पाठवू नका. आणि लोकप्रिय मांगांचा पूर्ण संच अविश्वसनीय स्वस्तात दिसला, तर तो फुटपाथवरच्या चोरट्या छपाईचाच ऑनलाइन अवतार असण्याची शक्यता दाट. पुसट काळा रंग, पानाच्या कडेला कापले गेलेले संवाद, विळविळीत मुखपृष्ठ, ही त्याची लक्षणं.

परदेशातून मागवण्याचा एक सोपा मार्ग बंद झाला त्यालाही काही वर्षं झाली. इंग्लंडचं ‘बुक डिपॉझिटरी’ जगभर टपालखर्च न घेता पुस्तकं पाठवायचं. २०११ मध्ये अ‍ॅमेझॉनने ते विकत घेतलं आणि २६ एप्रिल २०२३ रोजी बंद केलं. भारतातल्या कितीतरी वाचकांच्या कपाटातले चित्रग्रंथ त्या दारातून आलेले आहेत. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क लागलं, ते हिशेबात धरावं. कुरिअर कंपनी स्वतःची हाताळणी फी लावते ती वेगळीच. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडे माल मागवून सुट्टीत आणायला सांगणाऱ्यांसाठी एक तपशील: तिथल्या टपाल खात्याचा पुस्तकांसाठीचा स्वस्त दर कॉमिक्सच्या सुट्या अंकांना लागू होत नाही, कारण त्यांत जाहिराती असतात. एखादा विक्रेता त्या दराने पाठवत असेल तर पाकीट अडण्याची जोखीम आहे.

डिजिटल कॉमिक्सना ना टपालखर्च ना कस्टम. पण तिथे तुम्ही काय विकत घेता हा प्रश्न अधिकच अवघड. ‘कॉमिक्सॉलॉजी’ हे या क्षेत्रातलं सर्वात लाडकं दुकान २००७ मध्ये निघालं, २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनकडे गेलं, २०२२ मध्ये त्याचं संकेतस्थळ अ‍ॅमेझॉनमध्ये विरघळलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याचं स्वतंत्र अ‍ॅपही गेलं. लोकांनी घेतलेली पुस्तकं किंडलमध्ये राहिली खरी, पण वर्षानुवर्षं लावलेलं कपाट कुणी तरी हलवलं होतं. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून घेण्याची सोयही काढून टाकण्यात आली. कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला: डिजिटल माल विकताना ग्राहकाला मालकी मिळत नसून फक्त वापराचा परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगावं लागेल. त्यापेक्षा महिन्याची वर्गणी भरून वाचणं मला प्रामाणिक वाटतं. ‘मार्व्हल अनलिमिटेड’मध्ये नवा अंक छापील अंकानंतर साधारण तीन महिन्यांनी येतो. तेवढी कळ काढता आली तर वाचायला आयुष्य पुरणार नाही इतकं तिथे आहे, आणि आपण भाड्याने वाचतोय हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

पार्सलबद्दल थोडं. कॉमिक मधोमध दोन पिना मारलेला पातळ कागदाचा गठ्ठा आहे. तो वाकतो. चांगला विक्रेता अंकाला पारदर्शक पिशवीत आम्लरहित पुठ्ठ्यासह घालतो, आणि बाहेरून दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठे लावून ते अंकापेक्षा मोठे ठेवतो, म्हणजे कोपरा आपटला तरी पुठ्ठ्याचा आपटतो. अभिप्राय वाचताना किंमत-वेळ यांपेक्षा वेष्टनाबद्दल लोक काय म्हणतात ते शोधावं. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर महागडा जुना अंक मागवू नये. मागवलाच तर वेष्टन जलरोधक हवं अशी आधी लेखी विनंती करावी. दमट हवेत पिना गंजतात, कागद फुगतो, मग कसर येते. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

आणि आता आपल्या घरचं प्रकरण. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९९० पर्यंत चालली, इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही. तिचे नायक म्हणजे वेताळ, मँड्रेक, आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी घडवलेला बहादूर. अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ १९६७ ची. तिच्या कथा आजही नव्याने छापल्या जातात, त्यामुळे वाचायला जुनी प्रत शोधण्याची गरज नाही. मराठी इंद्रजालचं मात्र तसं नाही. जुन्या प्रतीच शोधाव्या लागतात, आणि त्या रद्दीवाल्याकडून निघून आता फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर येतात. फ्लिपकार्टकडे आलेलं ईबेचं भारतीय दालन २०१८ मध्ये बंद झाल्यावर जुन्या अंकांचा बराच व्यवहार अशाच जागी सरकला. तिथे ग्रेडची भाषा कुणी बोलत नाही. ‘कंडिशन मस्त’ एवढंच.

या अंकांचे दोषही खास इथले आहेत, सीजीसीच्या तक्त्यात न बसणारे. त्या काळी पोरं कॉमिक्स विकत कमी घ्यायची, फिरत्या वाचनालयातून भाड्याने जास्त आणायची. त्यामुळे मुखपृष्ठावर रबरी शिक्का, कण्याला दोऱ्याची जाड शिवण, कधी पाच-दहा अंकांचं एकत्र बाइंडिंग आणि त्यासाठी कापलेल्या कडा. शेवटचं पान गेलेलं असणं अगदी नेहमीचं. मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्स काढून चिकटवलेलेही अंक फिरतात. फोटोत ती खरी वाटते, हातात घेतली की कागदाचा गुळगुळीतपणा चुगली करतो. म्हणून पैसे पाठवण्याआधी चार फोटो मागा: मुखपृष्ठ तिरप्या उजेडात, मधल्या पानावरच्या पिना, शेवटचं पान, आणि अंकाशेजारी ठेवलेली पट्टी. गटांवर ‘सगळे अंक एकाच पेनड्राइव्हमध्ये’ अशीही विक्री चालते. ती स्कॅन केलेल्या पानांची बेकायदा विक्री आहे, तिला खरेदी म्हणू नये.

मोठ्या संकेतस्थळावरून घेतलं तर २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांचा आधार आहे. विक्रेत्याचा तपशील ग्राहकाला दाखवावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करावं लागतं. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर घरातला जुना अंक सहज विकणाऱ्या खासगी माणसाला हे नियम लागू नाहीत. तिथे तुमचा आधार म्हणजे तुम्ही आधी विचारलेले प्रश्न आणि त्याने लेखी दिलेली उत्तरं. फोटो पाठवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून अंक घेऊच नका, तो कितीही दुर्मीळ असो.

शेवटी एक विनंती विकणाऱ्यांनाही. माळ्यावर मराठी इंद्रजालचा गठ्ठा सापडला तर ‘जुनी कॉमिक्स, लॉट’ असं लिहून एकच फोटो टाकू नका. अंकाचा क्रमांक, तारीख, भाषा, कोणतं पान नाही आणि शिक्का कोणत्या वाचनालयाचा, एवढं लिहा. एकेका अंकाला पाच मिनिटं लागतील. मराठी अंकांची वाचकांच्या उपयोगी पडेल अशी यादी जमायची असेल, तर ती अशाच नोंदींतून जमेल.